ग्वाल्हेरचा किल्ला दुरुस्त होतो, पण नवा का केला जात नाही?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा एकत्रित समावेश झाला. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, पन्हाळा, सिंधुदुर्ग यांच्यासह महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी, असे हे किल्ले आहेत. तेव्हापासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमध्ये दोन प्रश्न हमखास निघतात. एक म्हणजे, शिंद्यांच्या ताब्यात इतका काळ राहिलेला आपला किल्ला त्या यादीत का नाही? आणि दुसरा, पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना किल्ला दाखवून खाली उतरताना त्यांच्या तोंडून हटकून ऐकू येणारा: पुरातत्त्व खाते वर्षानुवर्षे दुरुस्ती करते, तर हा किल्ला अजून पडका का दिसतो? एकदाच पैसा लावून तो पूर्वीसारखा का उभा करत नाहीत?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. दुसऱ्यासाठी मात्र चुना, दगड, पाणी आणि कायदा यांच्याकडे जरा निवांतपणे पाहावे लागते. या किल्ल्याचा एक कालखंड आपण सहसा सांगतच नाही, आणि तो समजून घेतल्याशिवाय हे उत्तर पुरे होत नाही. १८५८ ते १८८६ या काळात हा किल्ला इंग्रजांची लष्करी छावणी होता.

जागतिक यादी आणि तिच्या आधीची यादी

युनेस्कोच्या यादीत कोणतेही स्थळ थेट जात नाही. आधी त्या देशाने स्वतःची एक संभाव्य यादी युनेस्कोला कळवावी लागते, तीत ते स्थळ किमान एक वर्ष असावे लागते आणि त्यानंतरच त्याचा सविस्तर प्रस्ताव पाठवता येतो. एका देशाला एका वर्षी एकच प्रस्ताव पुढे नेता येत असल्यामुळे रांग लांब असते. ग्वाल्हेरचा किल्ला २०२४ मध्ये भारताच्या या संभाव्य यादीत दाखल झाला आहे. म्हणजे तो रांगेत उभा आहे, निवडला गेलेला नाही. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा प्रस्ताव मराठ्यांनी विकसित केलेल्या संरक्षणव्यवस्थेवर बेतलेला होता. ग्वाल्हेरच्या किल्ल्याची आजची ओळख मात्र प्रामुख्याने तोमर राजांनी घडवली. शिंदे इथे आले तेव्हा तो कित्येक शतके जुना होता, त्यामुळे त्याची बाजू वेगळ्याच मुद्द्यांवर मांडावी लागेल.

प्रस्ताव गेल्यावर त्याची तपासणी करणारे तज्ज्ञ दोन गोष्टी नेटाने पाहतात. वास्तू अस्सल आहे का, म्हणजे जे जुने म्हणून दाखवले जाते ते खरोखर जुने आहे का. आणि ती बऱ्यापैकी अखंड आहे का, म्हणजे तिचे महत्त्वाचे भाग आणि तिचा परिसर टिकून आहे का. किल्ला नव्यासारखा चकचकीत केला तर पहिल्याच कसोटीवर तो मार खाईल. वारशाच्या यादीसाठी धडपडणारे लोकच दुरुस्ती जपून करा असे का सांगतात, याचे निम्मे कारण इथे आहे.

किल्ल्याची छावणी कशी झाली

१ जून १८५८ रोजी तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतले. जयाजीराव शिंदे आग्र्याला गेले. १७ जूनला कोटा की सरायच्या लढाईत राणीला वीरमरण आले, १९ तारखेला इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतले आणि दुसऱ्या दिवशी किल्लाही पडला. इंग्रजांनी राज्य शिंद्यांकडे ठेवले, पण किल्ला आणि मुरारची छावणी स्वतःकडे ठेवली. ज्या किल्ल्याच्या छायेत आपले शहर वसलेले आहे, त्यावर परक्यांचे निशाण असणे ही शिंदे दरबाराची २८ वर्षांची सल होती. अखेर १८८६ मध्ये अदलाबदल झाली. झाशीचे शहर आणि किल्ला इंग्रजांनी घेतला, आणि ग्वाल्हेरचा किल्ला व मुरार शिंद्यांना परत मिळाले. त्याच वर्षी जयाजीरावांचे निधन झाले.

इंग्रजांना या किल्ल्याचे मोल आधीपासून माहीत होते. ऑगस्ट १७८० मध्ये पॉपहॅमच्या तुकडीने रात्रीच्या अंधारात शिड्या लावून तो घेतला होता. १८५७ नंतर मात्र त्यांना किल्ला लढवायचा नव्हता, शहरावर नजर ठेवायची होती. गोऱ्या शिपायाला मैदानापेक्षा डोंगरमाथ्यावर ठेवण्याचे आणखी एक कारण होते. हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १८६३ मध्ये अहवाल दिला, त्यात गोऱ्या फौजेतल्या मृत्यूंचे प्रमाण वर्षाला दर हजारी ६९ असल्याचे नोंदवले होते. यांतले बहुतेक मृत्यू लढाईत नव्हे, तर पटकी, ताप आणि हगवणीने होत. त्यानंतर देशभर ज्या बराकी बांधल्या गेल्या, त्या उंच जोत्याच्या, उंच छताच्या, रुंद व्हरांड्याच्या आणि एकमेकींपासून अंतर राखलेल्या होत्या, कारण कोंदट हवा हेच रोगाचे मूळ अशी तेव्हाची समजूत होती. डास आणि दूषित पाणी यांचा संबंध पुरता कळायचा होता. तरीही मोकळ्या, हवेशीर बांधणीचा फायदा झाला, आणि आजही अशा इमारतीत भर उन्हाळ्यात शिरले की तो जाणवतो.

किल्ल्यावर मानमंदिर या राजवाड्यासमोर आज जे पुरातत्त्व संग्रहालय आहे, ते इंग्रजांच्या काळात दवाखाना आणि तुरुंग म्हणून वापरलेल्या इमारतीत आहे. १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी सुरू झालेली आणि पुढे किल्ल्यावर आलेली सिंधिया शाळा जुन्या बराकींमध्ये भरते. पर्यटक या इमारतींवरून नजर फिरवून पुढे जातात, मार्गदर्शकही त्यांच्याविषयी फारसे बोलत नाहीत. माझ्या मते ही मोठी उणीव आहे.

जतन, संवर्धन, पुनर्बांधणी

या तीन कामांत गल्लत झाली की पुढचा सगळा वाद फसतो. जतन म्हणजे वास्तू आहे त्या स्थितीत टिकवणे: झाडोरा काढणे, पाण्याला वाट करून देणे, डळमळीत दगड धरून ठेवणे. संवर्धन यात जतन येतेच, शिवाय खचलेला भाग त्याच साहित्याने आणि त्याच पद्धतीने पुन्हा सावरणे येते. पुनर्बांधणी म्हणजे जे नाहीसे झाले ते नव्याने उभारणे. पुरातत्त्व खात्याचे नव्वद टक्के कष्ट पहिल्या दोन कामांत जातात असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ते कष्ट नीट झाले असतील, तर पाहणाऱ्याला काही झाल्याचे कळतही नाही. गच्चीवरच्या जुन्या गिलाव्याच्या भेगा बुजवल्या, पन्हाळी मोकळी केली, भिंतीत रुजलेला पिंपळ मुळासकट काढला, तर त्याचा फोटो कोणी काढत नाही. पण ही कामे एक-दोन पावसाळे राहिली, तर घुमट खाली येऊ शकतो.

सिमेंट मजबूत असते, मग ते का वापरत नाहीत?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारणाऱ्याचे त्यात काही चुकत नाही. आपल्या घराच्या भिंतीला सिमेंट चालते, तर राजवाड्याच्या भिंतीला का नको?

ग्वाल्हेरचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती वालुकाश्माची आहे, आणि मानमंदिरापासून तटापर्यंत बहुतेक बांधकाम त्याच दगडाचे आहे. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला खडक. त्याच्या आत सूक्ष्म पोकळ्यांचे जाळे असते आणि त्यातून पाणी हळूहळू आत-बाहेर होत राहते. पावसाळ्यात भिंत पाणी पिते, आणि नंतरच्या कोरड्या महिन्यांत ते वाफेच्या रूपाने बाहेर सोडते. ही ये-जा थांबवता येत नाही. फक्त ती कुठून व्हावी हे ठरवता येते.

जुन्या गवंड्यांनी ते चुन्याने ठरवले होते. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसतो, उकळतो आणि भुकटी किंवा लोण्यासारखा गोळा होतो. त्यात वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळून ते मिश्रण घाणीत मळतात. कारागिरांच्या परंपरेप्रमाणे त्यात बेलफळाचा गर, गूळ, उडदाचे पाणी किंवा डिंकही पडतो. हे मिश्रण भिंतीत भरल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषून घेते आणि पुन्हा चुनखडीसारखे घट्ट होते. भट्टीत जे गेले तेच हवेतून परत येते. याला आठवडे नव्हे, महिने लागतात, आणि जाड भिंतीच्या पोटात तर वर्षे. सुरखीमुळे ओलसर जागीही मिश्रण धरते, म्हणून टाकी आणि गच्च्यांच्या कामात तिचे महत्त्व मोठे.

असा चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र राहतो. भिंतीतले पाणी सर्वांत सोपी वाट शोधते, आणि ती वाट दोन दगडांमधल्या चुन्याच्या दर्जेतून, म्हणजे सांध्यातून, मिळते. पाण्याबरोबर विरघळलेले क्षारही तिथेच येऊन साठतात. कालांतराने दर्ज भुसभुशीत होते, ती खरवडून नवी भरायची. म्हणजे झीज होते ती दर्जेची, दगड शाबूत राहतो.

सिमेंट याच्या उलट वागते. ते दगडापेक्षा कठीण असते आणि पाण्याला सहज वाट देत नाही. सिमेंटने दर्जा बंद केल्या की भिंतीतले पाणी दगडातून बाहेर पडू लागते. सिमेंटमधले स्वतःचे क्षारही त्यात मिसळतात. पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक दगडाच्या पृष्ठभागामागच्या पोकळ्यांत वाढतात आणि आतून दाब देतात. मग दगडाचे पापुद्रे सुटू लागतात, कोरीव नक्षी आधी जाते. त्यात ग्वाल्हेरचे हवामान टोकाचे आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो, जानेवारीत कित्येकदा ५ अंशांच्या खाली येतो. दगड तापून प्रसरण पावतो, थंडीत आकसतो. मऊ चुना ही हालचाल सोसतो. कठीण सिमेंट ती सोसत नाही आणि दगडाची कड उडवते.

आजीची चंदेरी साडी कुठे विरली, तर जाणता रफूगर जाड नायलॉनचा धागा हातात घेत नाही. तो साडीच्या पोतापेक्षा किंचित मऊ धागा निवडतो, कारण पुढे ताण आला तर रफू उसवले पाहिजे, साडी फाटता कामा नये. उसवलेले रफू पुन्हा घालता येते. शिवाय जिथली बुट्टी गेली आहे तिथे तो मनाची बुट्टी काढत नाही. किल्ल्याच्या दुरुस्तीचे जवळजवळ सगळे शहाणपण या कामात आहे.

देशातल्या कोणत्याही जुन्या वास्तूत सिमेंटने भरलेली दर्ज ओळखणे अवघड नाही. चुन्याची दर्ज फिकट असते आणि दगडाच्या कडेपासून किंचित आत दबलेली असते. सिमेंटची दर्ज करड्या रंगाची असते, आणि वीस-तीस पावसाळ्यांनंतर ती दगडाच्या पुढे कण्यासारखी उभी दिसते, कारण तिच्या दोन्ही बाजूंचा दगड झिजून मागे गेलेला असतो. त्याखाली पायथ्याशी वाळूसारखी बारीक पूड पडलेली दिसेल. ती पूड म्हणजे दगड. बोटाने खरवडून पाहू नये, डोळ्यांनी पाहणे पुरेसे आहे.

चुना महाग आणि वेळखाऊ आहे, हे मान्य. चुना मळणारे, दर्जा भरणारे आणि जुन्या पद्धतीने दगड घडवणारे हातही कमी होत चालले आहेत, आणि मला खरी काळजी या हातांची वाटते. पैसा मंजूर होतो, पण चुन्याचा हात बसलेला गवंडी एका वर्षात तयार होत नाही.

जे पडले आहे ते अंदाजाने पूर्ण केले तर काय बिघडले?

१९६४ मध्ये व्हेनिस येथे जगभरच्या वास्तुतज्ज्ञांनी एक सनद स्वीकारली. तिच्यातले मुख्य तत्त्व असे की, जिथून अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्तीने थांबले पाहिजे. नवा दगड बसवावाच लागला तर तो एकूण रूपाला विजोड दिसू नये, पण जवळून पाहणाऱ्याला नवा म्हणून ओळखू आला पाहिजे. वास्तूवर वेगवेगळ्या काळांनी घातलेली योग्य भर पुसून एकाच काळाचे रूप तिच्यावर लादू नये. विखुरलेले मूळ दगड जर खात्रीने आपापल्या जागी बसवता येत असतील, तर तेवढी जुळणी चालते.

ग्वाल्हेरला या तत्त्वाचे दोन्ही धडे घरबसल्या मिळतात. किल्ल्यावर तेली मंदिर आहे, आठव्या-नवव्या शतकातले. इंग्रज फौजेच्या काळात तिथे सोडावॉटरचा कारखाना होता असे सांगतात. १८८१ ते १८८३ या काळात मेजर जे. बी. कीथ यांनी किल्ल्यावरच्या वास्तूंच्या दुरुस्तीचे काम केले. पुरातत्त्वाला सरकारी खात्याचे स्थिर रूप येण्याच्या आधीचे, लष्करी अधिकाऱ्याने तळमळीने केलेले हे काम होते. मंदिरासमोरचे जे कोरीव प्रवेशद्वार आज लोक फोटोत आवर्जून घेतात, ते कीथ यांनी किल्ल्यावर इतस्ततः पडलेले जुने कोरीव दगड जुळवून उभे केले. ते मंदिराइतकेच जुने आहे असे समजणारे कितीतरी भेटतात. आजच्या नियमांत असे काम बसणार नाही, कारण दगड जुने असले तरी त्यांची मांडणी एकोणिसाव्या शतकातली आहे. पण मांडणी केली नसती तर ते दगड कोणाच्या तरी घराच्या पायरीत किंवा पायाभरणीत गेले असते, हेही खरे. म्हणून ते द्वार पाडावे असे कोणी म्हणत नाही. त्याचा काळ सांगणारी पाटी मात्र ठळक हवी.

याच कीथ यांच्या देखरेखीखाली ग्वाल्हेरच्या पाथरवटांनी घडवलेला एक भव्य दगडी दरवाजा कलकत्त्याच्या प्रदर्शनासाठी गेला आणि पुढे लंडनला पोचला. तो तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहात आहे. आपल्या गावच्या छिन्नीची ताकद केवढी होती याची ती साक्ष आहे.

दुसरा धडा मुरैना जिल्ह्यातल्या बटेश्वरचा. तिथे सुमारे २०० लहान मंदिरे पूर्ण कोसळून दगडांचे ढीग झाले होते. २००५ पासून पुरातत्त्व खात्याचे के. के. मुहम्मद यांनी, डाकूंचा वावर असलेल्या त्या भागात, त्यातली सुमारे ८० मंदिरे पुन्हा उभी केली. इथे अंदाज फारसा लागला नाही, कारण मूळ दगड जागेवरच होते, आणि कोरीव खाचा, थर व आकार पाहून कोणता कुठला हे ठरवता येत होते. म्हणजे खाते पडके तसेच ठेवण्याच्या हट्टाला पेटलेले नाही. पुरावा असेल तर ते उभारते, नसेल तर थांबते. रायगडावरच्या राजसदरेविषयी हाच प्रश्न अधिक हळवा होतो. चौथरे आहेत, पण १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात लागलेल्या आगीने वरचे काम गेले. तिथे वर काय चढवायचे, हे भावना कितीही खरी असली तरी भावनेवरून ठरत नाही.

मात्र श्रद्धेने केलेली दुरुस्ती या नियमात नीट बसत नाही, आणि त्याबद्दल प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. किल्ल्याच्या उरवाई घाटीत कड्यात कोरलेल्या पंधराव्या शतकातल्या जैन मूर्ती आहेत, त्यातली सर्वांत मोठी सुमारे १७ मीटर उंच आहे. बाबराने १५२८ च्या सुमारास त्या विद्रूप करवल्या आणि तसे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले. पुढे जैन समाजाने काही मूर्तींचे चेहरे गिलाव्याने पुन्हा घडवले. तज्ज्ञाच्या दृष्टीने ही अंदाजाने केलेली भर आहे. भाविकाच्या दृष्टीने देवाला मुख परत मिळाले आहे. माझे मत असे की ती दुरुस्तीही आता इतिहासाचा भाग झाली आहे आणि काढून टाकण्याचे काही कारण नाही.

इंग्रजांच्या बराकी आपण कशाला जपायच्या?

ज्या किल्ल्यावरून राणीच्या समाधीची फुलबाग दिसते, तिथेच तिला मारणाऱ्या फौजेच्या बराकी जपायच्या, हे मनाला खटकते आणि खटकणे स्वाभाविक आहे. पण त्या इमारती काढल्या, तर १८५८ ते १८८६ हा काळ फक्त पुस्तकात राहील. किल्ल्यावर उभे राहून मुलाला सांगता येणार नाही की, बघ, राजवाड्यासमोर त्यांनी दवाखाना आणि तुरुंग थाटला होता. पराभवाच्या खुणा पुसल्याने पराभव पुसला जात नाही, फक्त त्याचा पुरावा जातो. शिवाय या इमारती वापरात आहेत. वापरातली इमारत झाडली जाते, तिचे छप्पर गळले की त्याच आठवड्यात कोणाच्या तरी लक्षात येते. किल्ल्यावरच्या रिकाम्या वाड्यांपेक्षा वर्ग भरणाऱ्या बराकींची स्थिती बरी असणे यात नवल नाही.

सत्ता हाती आल्यावर आपल्या माणसांनी काय केले, तेही इथेच पाहता येते. शिंदे संस्थानच्या पुरातत्त्व खात्याची धुरा मो. ब. गर्दे या मराठी विद्वानाने सांभाळली. पायथ्याशी असलेला गुजरी महाल दुरुस्त करून तिथे संग्रहालय करण्यात आले आणि १९२२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. राजा मानसिंह तोमरांनी राणी मृगनयनीसाठी बांधलेला महाल, मराठी संस्थानाने केलेले संग्रहालय आणि आज ते चालवणारे राज्य सरकार, असे तीन थर एका इमारतीत आहेत.

आणि शंभर मीटरचा नियम?

किलागेट, घासमंडी, बहोडापूर या भागांत राहणाऱ्यांसाठी हा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. हे अंतर टेकडीच्या माथ्यापासून नव्हे, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजतात. खोल पाया खणल्याने कड्याच्या बुडाशी होणारी हालचाल, सांडपाण्याची मुरवण आणि उंच इमारतींनी झाकली जाणारी तटबंदी, ही त्यामागची कारणे.

पण 'घर पडायला आले तरी हात लावता येत नाही' ही समजूत चुकीची आहे. १६ जून १९९२ च्या आधीच्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण पहिल्या १०० मीटरमध्येही परवानगी घेऊन करता येते. अर्ज सक्षम अधिकाऱ्याकडे करायचा असतो आणि तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो. घराचा नकाशा, जुने फोटो, मालकीची आणि बांधकामाच्या काळाची कागदपत्रे आधीच जुळवून ठेवावीत, कारण विलंब बहुधा तिथेच होतो. परवानगीविना बांधल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

अवाढव्य किल्ला असो की लहानशी छत्री, सर्वांना सारखेच अंतर लावणे मला ढोबळ वाटते. प्रत्येक स्मारकासाठी त्याच्या परिसराला साजेशी स्वतंत्र उपविधी करण्याची तरतूद याच कायद्यात आहे; आग्रह धरायचा तर तिचा धरावा.

किल्ला पाहायला जाल तेव्हा

गाडी पश्चिमेच्या उरवाई बाजूने वर जाते, आणि वाटेत जैन मूर्ती दिसतात. पण पाय धड असतील तर पूर्वेकडून, किलागेटच्या बाजूने चढावे. खाली गुजरी महाल लागतो, मग एकामागून एक दरवाजे, वाटेत खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर. या मंदिरातल्या नवव्या शतकातल्या शिलालेखात २७० हात लांबीची बाग आणि रोजच्या ५० माळा यांची नोंद आहे, आणि त्यातले शून्य आपण आज काढतो तसेच गोल आहे. शेवटी हत्ती पोळ हा दरवाजा, आणि आत मानमंदिर.

मानमंदिराच्या दक्षिण भिंतीपाशी थोडे थांबावे. निळ्या, पिवळ्या, हिरव्या फरशांत बदकांची रांग, हत्ती, मगरी आणि केळीची झाडे आहेत. बाबरानेही या केळींची नोंद केली आहे. ज्या ठिकाणच्या फरशा गळून गेल्या आहेत, तिथे उघडा दगड तसाच आहे. नव्या निळ्या रंगाने तो भरलेला नाही. मग पाठ वळवून समोरच्या संग्रहालयाच्या इमारतीकडे पाहावे, तिची जाडी, उंची आणि साधेपणा राजवाड्याशी ताडून पाहावा, आणि त्यानंतर तेली मंदिराकडे जाऊन कीथ यांच्या द्वाराचे दगड एकमेकांशी किती जुळतात ते स्वतःच ठरवावे.

किल्ल्यावरचा सगळा भाग एका खात्याकडे नाही. मानमंदिर, सासबहू आणि तेली मंदिर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, जहांगीर महाल, कर्ण महाल, विक्रम महाल राज्याच्या खात्याकडे, आणि गुरुद्वारा व शाळा यांची व्यवस्था वेगळी. त्यामुळे तिकिटे एकाहून अधिक लागतात, ती जपून ठेवावीत. मानमंदिरासमोरचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते आणि गुजरी महाल सोमवारी, म्हणून दोन्ही एकाच फेरीत पाहायचे असतील तर हे दोन वार टाळून निघावे.